एक भिंत, तीन भांडणे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली त्याने आपले घर बहुधा मोकळ्या माळावर बांधले असावे. नाहीतर त्याने म्हणीत शेजाऱ्यालाही थोडी जागा दिली असती. शहरात घर वाढवणाऱ्याला सिमेंट मिळते, गवंडी मिळतो, बँकेचे कर्जही मिळते; पण पायाची पहिली कुदळ पडली की कुंपणापलीकडून एक मान उंचावते आणि प्रश्न येतो, "काय हो, ही भिंत नक्की कुठवर आणणार?" त्या दिवसापर्यंत ज्या दोन घरांतून फराळाची ताटे जात-येत होती, त्याच दोन घरांतून मग वकिलांच्या नोटिसा जाऊ-येऊ लागतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण सर्वांना सांगतो आणि स्वतः मात्र चढतो. पुण्याची तर या बाबतीत जगभर ख्याती आहे. 1205 साली पूर्वजाने लावलेल्या दाव्याचा निकाल 28 एप्रिल 1966 रोजी पुण्यात वंशजाच्या बाजूने लागला, अशी नोंद गिनेस बुकाने जगातील सर्वांत लांबलेला दावा म्हणून केली. 761 वर्षे! तो दावा भिंतीचा नव्हता; सार्वजनिक समारंभातील आणि धार्मिक उत्सवातील मानपानाचा होता. पण भिंतीच्या दाव्यातही वीतभर जमिनीपेक्षा "मला न विचारता बांधलेच कसे?" हाच सल पुष्कळदा मोठा असतो.

तथापि सगळाच दोष मानपानावर ढकलणे बरोबर नाही. हद्दीजवळच्या बांधकामाचे भांडण वरवर एक दिसत असले तरी वस्तुतः ती तीन भांडणे असतात. पहिले, जमीन कोणाची. दुसरे, हद्दीपासून किती जागा मोकळी सोडायची. तिसरे, शेजारच्या घराला आजवर मिळत आलेला उजेड, वारा आणि आधार यांवर त्याचा हक्क आहे की नाही. तिन्हींचा कायदा वेगळा, कचेरी वेगळी आणि पुरावाही वेगळा. ही फोड न केल्यामुळे माणसे चुकीच्या दारात उभी राहतात. हद्दीची तक्रार घेऊन महापालिकेत गेले की तेथील इंजिनिअर म्हणतो, "हा मालकीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा." मोकळ्या अंतराची तक्रार घेऊन मोजणीदाराकडे गेले की तो म्हणतो, "हद्द बरोबर आहे, पुढचे आमचे काम नाही." खिडकी बुजल्याची तक्रार घेऊन पुन्हा महापालिकेत गेले की उत्तर मिळते, "नकाशा नियमात आहे." तिघेही खरे बोलतात. मधल्या काळात भिंत मात्र वर चढत राहते.

सीमावाद जुनाच आहे

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेपुढे येणाऱ्या तंट्यांचे अठरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत सीमाविवाद हा स्वतंत्र प्रकार आहे. दोन गावांच्या हद्दीचा तंटा ज्येष्ठ महिन्यात सोडवावा, कारण त्या वेळी खुणा स्पष्ट दिसतात, असे तेथे म्हटले आहे. हद्दीवर वड, पिंपळ, पळस लावावेत. शिवाय दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या अशा वस्तू जमिनीखाली पुरून ठेवाव्यात. वरची खूण हलवता येते, पुरलेली खूण सहज हलत नाही, हा त्यातला व्यवहार. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबडी फुले आणि तांबडी वस्त्रे धारण करून शपथेवर सीमा दाखवायची. घर, विहीर, बाग यांच्या हद्दीचा निर्णयही शेजाऱ्यांच्या साक्षीवर करावा, असे सांगितले आहे. शेजारी हा हद्दीचा पहिला पुरावा, ही दृष्टी आजही विसरण्यासारखी नाही.

पहिले भांडण : जमीन कोणाची

पेठांतील जुनी खरेदीखते ज्यांनी वाचली असतील त्यांना ठाऊक असेल की त्यांत जागेचे वर्णन 'चतुःसीमां'नी केलेले असते. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सामाईक भिंत, उत्तरेस सरकारी रस्ता. घराचे माप खणांत आणि हातांत. ज्या काळी शेजारी तीन पिढ्या तोच राहत असे, त्या काळी हे वर्णन पुरेसे होते. आज 'अमक्याचे घर' राहिलेले नाही, तेथे पाच मजली इमारत आहे आणि सामाईक भिंत तर पाडलेली आहे.

या सामाईक भिंतीचाच हिशेब पाहा. वाड्याची दगडमातीची भिंत दोन फूट जाड असे. ती उतरवून नवी नऊ इंची विटांची भिंत बांधली की पंधरा इंच जागा उरते. ती कोणाची? भिंत दोघांची असेल तर हद्द तिच्या मध्यावर. एकाचीच असेल तर तिच्या बाहेरच्या अंगावर. पन्नास फूट लांबीच्या भिंतीला पंधरा इंच म्हणजे साडेबासष्ट चौरस फूट, म्हणजे पुण्याच्या आजच्या भावाने एक भली रक्कम. म्हणून जुनी भिंत पाडण्यापूर्वी तिची जाडी, लांबी आणि दोन्ही अंगांची छायाचित्रे दोघांच्या सह्यांनिशी ठेवावीत. भिंत उतरल्यावर पुरावाही मलब्याबरोबर जातो.

जमीन मोजण्याच्या शास्त्रात आपल्या जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. मुंबई इलाख्याची प्रसिद्ध जमीन पाहणी 1836 साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात सुरू झाली. तिची साखळी 33 फुटांची. त्या साखळीचा चौरस तो एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज राज्याच्या भूमी अभिलेख खात्याचे मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे. शहरातील मिळकतीसाठी नगर भूमापन कचेरीत मिळकत पत्रिका मिळते. पण येथे पुष्कळांची गल्लत होते. मिळकत पत्रिकेवर मालकाचे नाव आणि क्षेत्रफळ असते. हद्द कोठून कशी जाते ते नकाशावरून आणि प्रत्यक्ष मोजणीवरूनच ठरते. क्षेत्र बरोबर असूनही जागा फूटभर सरकलेली असू शकते.

यासाठी 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करावा लागतो. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. ती मान्य नसेल तर वरिष्ठांकडून फेरतपासणी करून घेता येते. तिला खात्याच्या भाषेत 'निमताना मोजणी' म्हणतात. मोजणीच्या दिवशी रागाने दार लावून बसणारा शेजारी स्वतःचेच नुकसान करतो. हजर राहावे, आपले कागद दाखवावेत, हरकत असल्यास ती तेथेच लेखी नोंदवावी.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भिंत आपल्या हद्दीत असली तरी तिच्या पायाची रुंदी भिंतीपेक्षा अधिक असते. तो पाया जमिनीखालून शेजाऱ्याकडे शिरला तर ते अतिक्रमणच. छज्जा वरून गेला तरी तसेच. दुसरी गोष्ट अशी की आपली जागा दुसऱ्याने स्वतःची म्हणून उघडपणे वापरली आणि आपण बारा वर्षे स्वस्थ बसलो, तर 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे ती परत मागण्याचा हक्कच गमावण्याची वेळ येते. संकोचाची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

दुसरे भांडण : मोकळी जागा

"माझ्या जागेत मी बांधतो, यांचे काय गेले?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यात अर्धे सत्य आहे. जागा त्यांची आहे; पण हद्दीला लागून ठरावीक पट्टा मोकळा ठेवण्याचे बंधनही त्या जागेवर आहे. सरकारी मराठीत याला 'सामासिक अंतर' असा भारदस्त शब्द आहे; बोलताना आपण मार्जिन म्हणतो.

हे बंधन कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नाही. 1896 साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. अंधाऱ्या खोल्या, कोंदट बोळ आणि एकमेकांना चिकटलेली घरे यांत माणसे कशी राहतात हे त्या वेळी सरकारला दिसले. 1898 साली मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याने खोल्यांच्या उजेडासाठी 63½ अंशांचा नियम आणला. आकडा अवघड वाटला तरी अर्थ सोपा आहे : समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल तर खिडकीपुढे निदान वीस फूट मोकळे हवे, म्हणजे उंचीच्या निम्मे अंतर. पुढे 1915 साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. भांबुर्ड्याच्या, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या, नगररचना योजनेतील 'फायनल प्लॉट' नंबर अजूनही तिकडच्या खरेदीखतांत आढळतात. चारी बाजूंनी मोकळी जागा असलेला बंगला ही कल्पना पुण्यात रुजली ती अशा वसाहतींतून.

पुणे महानगरपालिका 15 फेब्रुवारी 1950 रोजी अस्तित्वात आली. 1966 साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. आणि डिसेंबर 2020 पासून राज्यातील बहुतेक शहरांसाठी बांधकामाची एकत्रित नियमावली आली, तीत पुणेही आहे. किती अंतर सोडायचे ते प्लॉटचा आकार, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर ठरते. पेठांसारख्या दाट वस्तीचे नियम निराळे, बाहेरच्या वसाहतींचे निराळे. म्हणून "आमच्या मेहुण्याने कोथरूडला असेच बांधले" हा पुरावा कसब्यात चालत नाही.

खोली वाढवणारा माणूस मात्र नेहमी दुष्ट असतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील संसार वाहून गेले. त्या पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. घरे बेताची, कुटुंबे वाढती. मुलाचे लग्न ठरले, आईला जिना चढवेना, मग मागच्या मोकळ्या पट्ट्यात आधी पत्रा, मग पडवी आणि शेवटी पक्की खोली असा क्रम साऱ्या शहरात घडला आहे. गरज खरी असते. पण एकाची खरी गरज दुसऱ्याच्या खिडकीपुढे उभी राहते, हेही तितकेच खरे.

परवानगीशिवाय किंवा परवानगी सोडून केलेल्या बांधकामाची तक्रार महापालिकेच्या बांधकाम खात्याकडे करायची. पाहणी होऊन 1966 च्या अधिनियमाच्या कलम 53 खाली नोटीस निघू शकते; बांधणाऱ्यालाही त्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागता येते. शेजाऱ्याचा यात काय संबंध, असे कोणी विचारले तर उत्तर तयार आहे. उडुपी नगरपालिकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली असे मानले की नियमबाह्य बांधकामाने आसपासच्या रहिवाशांच्या हक्कांना बाध येतो, म्हणून त्यांना दाद मागता येते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मंजूर नकाशा म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. जी जागा तुमच्या मालकीची नाही तिच्यावर बांधण्याचा अधिकार या परवानगीने मिळत नाही, अशी अट बांधकामाच्या दाखल्यातच छापलेली असते. ती बारीक अक्षरांत असते म्हणून कोणी वाचत नाही, इतकेच.

तिसरे भांडण : उजेड, वारा आणि आधार

आता सर्वांत नाजूक प्रकार. समजा, पूर्वेकडच्या घराची मोजणी बरोबर आहे, नकाशा मंजूर आहे, अंतरही नियमाप्रमाणे सोडले आहे. तरीही त्यांच्या नव्या मजल्याने पश्चिमेकडच्या घराची माजघराची खिडकी काळोखात गेली. काही उपाय आहे काय?

आहे, पण अटींसह. 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा 1891 मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याप्रमाणे एखाद्या इमारतीला सलग वीस वर्षे, हक्क म्हणून, बिनतक्रार आणि अखंड उजेड-वारा मिळत आला असेल, तर तो पुढेही मिळण्याचा हक्क निर्माण होतो. अडथळा झाल्यावर मात्र स्वस्थ बसून चालत नाही. अडथळा कळल्यापासून वर्षभर तो मुकाट सहन केला तर ती अखंडता मोडली असे कायदा धरतो.

येथे लोकांच्या अपेक्षा आणि कायदा यांत बरेच अंतर आहे. उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर दावा चालत नाही. राहण्याच्या सुखात भरीव बाधा आली पाहिजे किंवा घराची किंमत उतरली पाहिजे. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने 1904 साली कोल्स खटल्यात हाच विचार मांडला : किती उजेड गेला यापेक्षा, उरलेला उजेड सामान्य वापरास पुरतो की नाही हे पाहायचे. शिवाय हा हक्क इमारतीच्या खिडकीला आहे, मोकळ्या जागेला नाही. अंगणातील तुळशीवर येणारे सकाळचे ऊन वा गच्चीवर पापड वाळवायला लागणारी हवा कितीही वर्षांच्या वहिवाटीने कायद्याचा हक्क होत नाही. गृहिणींना हे पटणार नाही. पण कायदा असा आहे.

एकाच वाड्याच्या वाटण्या झालेल्या भावांसाठी आणखी एक नियम आहे. वाटणीच्या वेळी ज्या खिडकीतून उजेड येत होता, जी पन्हळ भावाच्या चौकात पडत होती, अशा उघड आणि कायमच्या सोयी त्या हिश्शाच्या वापराला आवश्यक असतील तर वाटणीबरोबरच हक्क म्हणून येतात. तेथे वीस वर्षे थांबावे लागत नाही. मात्र वाटणीपत्रात उलट लिहिले असेल तर ते चालते. म्हणून वाटणीपत्र करताना दागिन्यांच्या यादीइतकेच लक्ष खिडक्या, पागोळ्या आणि बोळ यांच्याकडे द्यावे.

उजेडापेक्षाही गंभीर प्रश्न आधाराचा. प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क कायद्याने मानला आहे. आज पार्किंगसाठी हद्दीला लागून खोल खड्डे खणले जातात आणि पलीकडे शंभर वर्षांची मातीत रचलेली भिंत असते. पावसाचे पाणी त्या भिंतीच्या पायाशी साचले की काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. 29 जून 2019 रोजी कोंढव्यात मुसळधार पावसात एका गृहसंकुलाची कुंपणभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांचा त्या हद्दीशी काही संबंध नव्हता अशा गोरगरिबांनी आपला जीव गमावला. खड्ड्याला आधार दिला आहे का, हे विचारणारा शेजारी भांडकुदळ नसतो.

वेळ साधली पाहिजे

तिन्ही भांडणांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे वेळ. जागेवर फक्कीने आखणी झालेली असते तेव्हा रेघ पायाने पुसून पुन्हा ओढता येते. जोते झाले की पैशाचा प्रश्न येतो. स्लॅब पडला की प्रतिष्ठेचा. कोर्टही हेच पाहते. बांधकाम सुरू होताच आलेल्या माणसाला तात्पुरता मनाई हुकूम मिळण्याची शक्यता अधिक. कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणीही करवता येते. दोन मजले डोळ्यांदेखत चढू देऊन मग "पाडा" म्हणणाऱ्याला बहुधा नुकसानभरपाईवर समाधान मानावे लागते.

लंडनमध्ये या प्रकाराला फार जुनी शिस्त आहे. 1189 सालच्या तेथील नियमांत सामाईक भिंत तीन फूट जाड असावी आणि दोघांनी दीड-दीड फूट जागा द्यावी असे ठरले होते. 1996 च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे तर हद्दीवरची भिंत, तिची दुरुस्ती किंवा तिच्याजवळचे खोदकाम यांपूर्वी शेजाऱ्याला एक वा दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते; मतभेद झाल्यास तज्ज्ञ मोजणीदार नेमून काम कसे करायचे ते ठरते. आपल्याकडे अशी सूचना देण्याची सक्ती करणारा तसा कायदा नाही. पण सक्ती नसली म्हणून मनाईही नाही.

आणि प्रकरण कोर्टात गेलेच, तरी समेटाची वाट बंद होत नाही. दाव्यात मध्यस्थी होऊ शकते. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नसते. दोन घरांना त्यानंतरही एकाच बोळातून जायचे असते. तेव्हा ज्यात कोणी हरत नाही असा निकाल स्वस्त पडतो. तडजोड मात्र तोंडी ठेवू नये. "तुमची खिडकी राहू द्या, आमचा छज्जा राहू द्या" असे आज दोघे हसत म्हणतात. उद्या घर विकले गेले की नव्या मालकाला ते हसणे ठाऊक नसते. वकिलाकडून लिहून घ्यावे आणि आवश्यक तेथे नोंदवावे.

दिवाळी सरली की पावसाळ्यापर्यंत बांधकामाचे दिवस. यंदा ज्यांच्या घरात खोली वाढवण्याचा विचार चालला असेल, त्यांनी मुहूर्त काढण्यापूर्वी तीन कागद काढावेत : मोजणीची 'क' प्रत, मंजूर नकाशा आणि शेजारच्या भिंतीची, खिडक्यांची व आधीपासून असलेल्या भेगांची छायाचित्रे. मग ते तिन्ही घेऊन कुंपणापलीकडे जावे आणि गवंड्याला फक्कीची दोरी धरायला सांगण्यापूर्वी, दोरीचे दुसरे टोक शेजाऱ्याच्या हाती द्यावे.